कडक भाकरीचा आवाज नेमका कुणाला ऐकू येतो?

पत्राचा सारांश: पत्रलेखिका २६ वर्षांची, मूळची सोलापूरची, दोन वर्षांपासून पुण्यात आयटीत नोकरीला. आई दर पंधरवड्याला कडक भाकरी आणि शेंगाचटणी पाठवते, तोच तिचा दुपारचा डबा. काही महिन्यांपूर्वी शेजारच्या सहकाऱ्यानं मान वळवून विचारलं, "काय खातेयस गं?" त्या दिवसापासून तिला स्वतःच्या चावण्याचा आवाज नकोसा होण्याइतका मोठा वाटू लागला. तो ऐकू येऊ नये म्हणून ती कानांत इअरबड्स घालून जेवू लागली, तर तो आणखीच वाढला. आता डब्यात रोज दहीभात असतो आणि भाकरी ती रात्री खोलीचं दार लावून खाते. तिचं लग्न ठरलंय. गेल्या महिन्यात होणाऱ्या सासरी जेवायला गेली तेव्हा तिनं ताटातल्या पापडाला हात लावला नाही, आणि सासूबाईंना वाटलं, हिला आपल्याकडचं जेवण आवडलं नाही. ती विचारते: "काकू, माझी चावायची पद्धतच वाईट आहे, की माझ्या कानांत काही दोष आहे? आणि हा आवाज कमी कसा करू?"

तुझं पत्र वाचून झालं तशी उठले आणि पोह्याचा पापड भाजला. आमचे हे टेबलाच्या पलीकडे पेपर वाचत बसले होते. मधे चारेक फुटांचं अंतर, पंखा तीनवर. पापडाची कड समोरच्या दातांनी तोडली तेव्हा यांनी एकदा वर बघितलं. मग मी हातानं एक तुकडा मोडला, अख्खा तोंडात घातला, ओठ मिटले आणि दाढांखाली घेतला. वाळक्या पाचोळ्यावरून कुणी चालत जावं तसा आवाज माझ्या डोक्यात भरला. यांना विचारलं, "ऐकू आला?" तर म्हणाले, "काय?" तिसऱ्या वेळी दोन्ही कानांत बोटं घालून चावलं. आवाज एकदम वाढला आणि त्याची जातही बदलली, कुरकुर कमी आणि घुमणं जास्त. शेवटी पापड यांच्या हातात दिला आणि मी ऐकत बसले. मला ऐकू येत होता तो पंखा.

हा प्रयोग आज रात्री तू खोलीवर कर. रूममेटला समोर बसव, भाकरी तू खा आणि मग तिला खायला दे. माझ्या दोन पानी उत्तरापेक्षा त्या पाच मिनिटांवर तुझा जास्त विश्वास बसेल.

तुझं सगळं पत्र एका समजुतीवर उभं आहे: मला जेवढा मोठा ऐकू येतो, तेवढाच तो शेजारच्याला येत असणार. एरवी ही समजूत बरोबर असते. टेबलावरचा फोन वाजला तर तुम्हा दोघांना साधारण सारखाच ऐकू येतो. चावण्याचं तसं नाही. तो आवाज तुझ्यापर्यंत दोन वाटांनी येतो आणि शेजारच्यापर्यंत एकाच.

पहिली वाट हवेची. तोंडातून निघालेला आवाज हवेतून कानाच्या भोकात शिरतो आणि पडदा हलवतो. शेजारच्याला तेवढंच मिळतं, तेही अंतर कापून आलेलं. पडसाद नसतील तर अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबल उतरतो. तुझं तोंड तुझ्या कानापासून वीतभरही लांब नाही. शेजारची खुर्ची चार-पाच फुटांवर, म्हणजे अंतर तीनदा दुप्पट झालं.

दुसरी वाट हाडाची, आणि ती फक्त तुझी. दात जबड्याच्या हाडात रोवलेले आहेत. भाकरी दाढेखाली मोडली की तो हादरा दातातून जबड्यात, तिथून कवटीत आणि कवटीच्याच हाडात बसवलेल्या आतल्या कानापर्यंत जातो. तिथला शंखासारखा वळलेला भाग आवाज ओळखतो, आणि या वाटेनं आलेल्या आवाजाला पडद्याची गरज पडत नाही. कानाच्या भोकासमोरच्या छोट्या उंचवट्याच्या पुढे बोट ठेव आणि तोंड उघडमीट कर. बोटाखाली सांधा सरकताना लागेल. जबड्याचा सांधा कानाच्या नळीला इतका लगटून आहे. आपण आवाजाचं उगमस्थान अक्षरशः कानाच्या दाराशी घेऊन जेवतो.

गेऑर्ग फॉन बेकेशी हे हंगेरीत जन्मलेले शास्त्रज्ञ. आतला कान कसा चालतो हे उलगडल्याबद्दल त्यांना १९६१चं नोबेल मिळालं. त्यांनी १९३२ मध्ये हाडातून पाठवलेला एक सूर हवेतून पाठवलेल्या तशाच सुरानं पुसून दाखवला होता. दोन्ही सुरांचं माप आणि वेळ नेमकी जुळवली की ऐकणाऱ्याला काहीच ऐकू येत नसे. म्हणजे वाटा दोन असल्या तरी मुक्कामाची जागा एकच. तुझ्या भाकरीचे दोन्ही आवाज आत एकत्र होतात, आणि त्यातला कुठला हवेतून आला आणि कुठला हाडातून, हे चावता चावता तुला वेगळं काढता येत नाही.

व्हॉट्सॲपवर पाठवलेला स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा तुला तो परका, जरा बारीक वाटला असेल. सगळ्यांनाच वाटतो. बोलताना आपण आपल्याला हाडातूनही ऐकत असतो, आणि हाडाच्या वाटेनं आलेल्या आवाजाला खर्ज जास्त असतो. रेकॉर्डिंगमध्ये तो नसतो. बाकीचं जग तुझा जो आवाज ओळखतं तो रेकॉर्डिंगमधला. चावण्याचंही हेच आहे.

आता तुझ्या चावण्याच्या पद्धतीविषयी. तू लिहिलंस की तोंड मिटून, हळू, अगदी जपून खाल्लं तरी आवाज कमी होत नाही, म्हणजे पद्धतच चुकत असणार. तोंड मिटल्यानं हवेची वाट अडते, हाडाची नाही. तुझ्या शिस्तीचा सगळा फायदा शेजारच्याला मिळतो आणि तुला तो जवळपास ऐकूच येत नाही. तू आत्तापर्यंत नीटच खात होतीस, पण त्याची पावती तुझ्या कानांना कधी मिळणार नव्हती. मला यात तुझ्याबद्दल सगळ्यात जास्त वाईट वाटलं. बिचारी पोर आणखी हळू, आणखी जपून चावत गेली आणि प्रत्येक वेळी नापास झाल्यासारखं वाटून घेत गेली.

आणखी एक. चावताना तुझ्या डोक्यातला आवाज ऑफिसमधले बाकीचे आवाज झाकून टाकतो. एसीची घरघर, की-बोर्ड, पलीकडच्या मीटिंगचं बोलणं, सगळं तुला त्या वेळी कमी ऐकू येतं. घरी चिवडा खाताना कुणी काही बोललं तर आपण हात थांबवून "काय म्हणालीस?" विचारतो ते याचमुळे. त्यात आपला मधला कानही भर घालतो. तिथला एक बारीक स्नायू पडदा ताणून धरतो, आणि त्याची नस जबडा चालवणाऱ्या स्नायूंना जाणाऱ्या नसेचीच फांदी आहे. तेव्हा तुला वाटतं, सगळा फ्लोअर चिडीचूप आणि मी एकटी कुडुम कुडुम करतेय. पण बाकीच्यांसाठी एसी चालूच असतो, आणि त्या घरघरीत तुझी उरलीसुरली कुरकुर विरून जाते.

इअरबड्सनी काय केलं ते आता तुझ्या लक्षात आलं असेल. चावताना कानाच्या नळीची भिंतही थरथरते आणि नळीतल्या हवेत आवाज तयार होतो. कान उघडा असेल तर त्यातला बराचसा, विशेषतः खर्जाचा भाग, बाहेर निसटतो. रबरी टोक घालून नळीचं तोंड बंद केलंस की तो आत कोंडतो आणि पडद्यावर आदळतो. त्यातून बाहेरचा आवाज पुसणारी सोय चालू असली तर एसीही गेला. उरली ती तू आणि तुझी भाकरी. उपाय म्हणून जे घातलंस त्यानंच आवाज वाढवला, आणि वाढलेल्या आवाजावरून तू ठरवलंस की आपलं काहीतरी फार बिघडलंय. जेवताना इअरबड्स आजपासून काढून ठेव. गाणी ऐकायचीच असतील तर एक कान उघडा ठेव, किंवा नळीत न रुतणारे, बाहेरच्या बाहेर टेकणारे इअरफोन वापर.

मग त्या सहकाऱ्यानं मान का वळवली? त्याला काहीच ऐकू आलं नाही असं मी म्हणणार नाही. कडक भाकरी हातानं मोडताना टचकन आवाज येतो आणि तो सगळाच्या सगळा हवेतून जातो. त्या आवाजाला मिटलेल्या ओठांचा आडोसा नसतो. समोरच्या दातांनी कड तोडतानाही तेच, आमच्या ह्यांनी वर बघितलं ते त्याच वेळी. आणि आईनं भाकऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधल्या असतील तर त्या पिशवीची चुरचूर भाकरीपेक्षा लांब जाते. त्याला मोडण्याचा आवाज आला असेल, पिशवीचा आला असेल, शेंगाचटणीतल्या लसणाचा वास आला असेल. "काय खातेयस गं?" या तीन शब्दांत तू "किती आवाज करतेस" हे वाचलंस. पुण्यात वाढलेल्या पुष्कळ मुलांनी कडक भाकरी बघितलेलीही नसते. त्याला कदाचित एक तुकडा हवा होता. तू त्याला विचारलं नाहीस आणि काही महिने दहीभात खाल्लास.

विचार त्याला. साधं विचार, "माझ्या खाण्याचा तुला त्रास होतो का रे?" बहुतेक तो विसरूनही गेला असेल. पण क्वचित एखादा "हो" म्हणतो, आणि तो "हो" खरा मानायचा. काही माणसांना दुसऱ्याच्या चावण्याचा, भुरकण्याचा, नाक ओढण्याचा बारीक आवाजही सहन होत नाही. अंगाची लाही लाही होते, उठून जावंसं वाटतं. याला मिसोफोनिया म्हणतात. पॉवेल आणि मार्गारेट जॅस्ट्रेबॉफ या संशोधकांनी २००१ मध्ये हे नाव दिलं. असा माणूस नखरे करत नसतो, आणि त्याच्याशेजारी जेवणारा माणूसही असंस्कृत नसतो. दोघांनी मिळून जागा ठरवायची, एकानं पॅन्ट्रीत जेवायचं आणि दुसऱ्यानं सीटवर, की झालं.

तुझ्या ऑफिसात पॅन्ट्री असेलच. चार जण गप्पा मारत जेवतात तिथे कुणाचा आवाज कुणाला कळत नाही. सीटवरच खायची वेळ आली तर घरूनच भाकरी घासाएवढी मोडून, घट्ट झाकणाच्या डब्यात भरून ने. तुकडा सबंध तोंडात, ओठ मिटून, दाढांवर. तुझ्याकडे ती आमटीत नाहीतर दह्यात चुरूनही खातात, तो तर बिनआवाजाचा मार्ग आहेच. मात्र तो तुला आवडतो म्हणून खा, लपण्यासाठी नको.

मोबाइलवर रेकॉर्ड करून बघावं असंही तुझ्या मनात येईल. बघ, पण फोन तोंडाजवळ न ठेवता शेजारच्या खुर्चीवर ठेव. आणि एक लक्षात ठेव: पुष्कळ फोन बारीक आवाज आपणहून मोठे करून घेतात, त्यामुळे ऐकून दचकू नकोस. समोर बसलेल्या माणसाचा कान फोनपेक्षा खरं सांगेल.

कानांत दोष आहे का, हा प्रश्न मी हसण्यावारी नेणार नाही. तू जे लिहिलंयस, कुरकुरीत खाताना दोन्ही कानांत सारखा मोठा आवाज आणि कान बंद केले की आणखी मोठा, ते सगळ्यांचं असतं. पण यातलं काही असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा: मऊ भात खातानाही आवाज घुमतो, स्वतःचं बोलणं किंवा श्वास कानात मोठ्यानं ऐकू येतो, छातीचे ठोके किंवा चक्क डोळे फिरवल्याचा आवाज येतो, मोठ्या आवाजानं गरगरतं, एकाच कानात सगळं जास्त वाटतं, ऐकू कमी येतं, जबडा उघडताना दुखतो. आतल्या कानाच्या हाडात बारीक फट पडली असेल किंवा घशाकडून कानाकडे जाणारी नळी उघडी राहत असेल तर अशा तक्रारी येतात. साधं कारण म्हणजे मळ. मळाचा बोळा बसला की तो इअरबडचंच काम करतो. तो घरी काडीनं किंवा कापसाच्या बडनं काढायला जाऊ नकोस, आत ढकलला जातो. डॉक्टर सुरकाटा (ट्यूनिंग फोर्क) वाजवून एकदा कानासमोर धरतात आणि एकदा कानामागच्या हाडावर टेकवतात. हवेची वाट आणि हाडाची वाट कशा चालल्या आहेत याचा पहिला अंदाज त्यातून लागतो.

इथे तुझी परवानगी घेऊन दुसऱ्या वाचकांशी थोडं बोलते, कारण असंच दुखणं घेऊन मला वयस्कर माणसांच्या सुना आणि लेकी लिहितात. सासऱ्यांना श्रवणयंत्र घेतलं, चांगले पैसे घातले, आणि ते जेवायला बसताना नेमकं काढून ठेवतात. मग टेबलावरचं बोलणं त्यांना कळत नाही, ते गप्प जेवतात, आणि घरच्यांना वाटतं की ते हट्टी आहेत. त्यांना एकदा विचारा, "जेवताना आवाज घुमतो का?" कानात घट्ट बसणाऱ्या यंत्रानं तेच होतं जे या मुलीचं इअरबडनं झालं, पोळीसुद्धा डोक्यात वाजते. ज्यांनी यंत्र बसवून दिलं त्या ऑडिओलॉजिस्टना हे नेमक्या शब्दांत सांगा. बऱ्याच जणांना हवा खेळती राहणारं उघडं टोक लावता येतं, किंवा यंत्राच्या कानात बसणाऱ्या साच्यात बारीक छिद्र ठेवता येतं. सगळ्यांच्या श्रवणदोषाला ते चालत नाही, पण विचारल्याशिवाय कळणार नाही. मुकाट्यानं यंत्र खिशात जाऊ देऊ नका.

तुझा शेवटचा प्रश्न, आवाज कमी कसा करू. शेजारच्यापुरता कमी करायच्या गोष्टी वर सांगितल्या. तुझ्या स्वतःच्या डोक्यातला मात्र कमी करू नकोस असं मी म्हणेन, कारण त्यात चवही आहे. पावसाळ्यात डब्याचं झाकण नीट लागलं नाही की चकली सादळते. भाजणी तीच, तिखट-मीठ तेच, तरी दुसरी उचलावीशी वाटत नाही. दमटपणानं तिच्या आतल्या पातळ भिंती लवचिक होतात, दाताखाली तटकन मोडायच्या ऐवजी वाकतात, आणि न मोडणाऱ्या गोष्टीला आवाज नसतो. ऑक्सफर्डमध्ये मासिमिलियानो झँपिनी आणि चार्ल्स स्पेन्स या संशोधकांनी २००४ मध्ये आवाजानं खाणं कसं वेगळं लागतं हे दाखवून दिलं. माणसांना हेडफोन लावले, एकसारखे बटाट्याचे चिप्स मायक्रोफोनसमोर चावायला दिले आणि चावण्याचा आवाज बदलून त्यांच्याच कानांत सोडला. आवाज किंवा त्यातला बारीक, टिपेचा भाग वाढवला की लोक म्हणत चिप्स ताजे आणि कुरकुरीत आहेत. तो उतरवला की तेच चिप्स मऊ, शिळे वाटत.

तुझी आई भाकरी तव्यावर भाजून, मग मंद आचेवर पार कडक होईपर्यंत वाळवत असेल. त्यातलं पाणी जावं, ती पंधरा दिवस टिकावी आणि पुण्यात दुपारी एक वाजता तुझ्या दाढेखाली तशीच मोडावी, यासाठी ती एवढा वेळ चुलीपाशी उभी राहते. त्या सगळ्या खटपटीचा शेवट म्हणजे तुझ्या डोक्यातला तो आवाज, आणि गेले काही महिने तू तो दार लावून ऐकतेयस.

सासूबाईंचं लगेच निस्तर, लग्नापर्यंत ठेवू नकोस. त्यांनी पापड तळून वाढला, तू तो तसाच ठेवलास आणि कारण त्यांना कळलं नाही. फोन करून खरं ते सांग: "काकू, त्या दिवशी पापड राहिला तो आवाजाची लाज वाटली म्हणून, जेवण फार आवडलं होतं." मला त्या घरातलं कुणी माहीत नाही, पण पापड खाताना आवाज झाला म्हणून नाराज होणारी सासू मी अजून पाहिलेली नाही, आणि न खाल्लेला पापड मनाला लावून घेणाऱ्या पुष्कळ पाहिल्या आहेत. आणि आईला सांगून ठेव, पुढच्या खेपेला भाकऱ्यांची चवड थोडी मोठी बांध, शेंगाचटणीही जास्त दे. अर्ध्या त्यांच्याकडे घेऊन जा, आणि पहिली मोडून त्यांच्यासमोर तूच खा.